भिशीतला शेवटचा नंबर

पैशाचा विषय निघाला की आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी अमरावतीला एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. एकटीच राहते. फ्लॅटचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं होतं, ते निम्म्याहून कमी काळात फेडून मोकळी झाले. एफडी मोडावी की ठेवावी, विमा घ्यावा की नको, सोनं आत्ता घ्यावं की थांबावं, असे फोन मला येतात आणि मी वर्गात बोलावं तशी अर्धा अर्धा तास बोलते. स्टाफरूममध्ये मला ‘चालतीबोलती बँक’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि माझ्या चिक्कूपणाला काढलेला चिमटा किती, हे मी कधी विचारायला गेले नाही. मला ते नाव आवडायचं, एवढं खरं.

हा चिक्कूपणा मी हौसेनं अंगी बाणवलेला नाही. वडील वीज मंडळात लाइनमन होते. ते आजारी पडले तेव्हा आईनं जिथून मिळेल तिथून पैसा उचलला, आणि ते गेल्यावर घेणेकरी आमच्या अकोल्याच्या घराच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. आरडाओरडा कोणी करायचं नाही. बसायचे, पाणी मागायचे, माझा अभ्यास कसा चाललाय ते विचारायचे. आई आत उगाच भांडी वाजवत राहायची आणि मला पुढे पाठवायची. ‘आई घरी नाही’ हे वाक्य मी त्या ओट्यावर उभं राहून इतक्यांदा म्हटलं आहे की अजूनही दाराची बेल वाजली की आधी तेच वाक्य ओठावर येतं आणि मग आठवतं, आता आपण कोणाचं काही देणं लागत नाही.

आईनं फॅमिली पेन्शनमधून पै न् पै फेडली. पण मी तेव्हाच ठरवलं होतं की उधारीला दारात उभं करायचं नाही. फ्लॅटचं कर्ज नाइलाजानं घेतलं आणि त्याच्या मागे हात धुऊन लागले. चौदा एप्रिलला नवी साडी बंद, मैत्रिणींबरोबर चिखलदऱ्याला जाणं बंद, कॉलेजला जायला रिक्षा बंद. पगारवाढ झाली की ती सगळी कर्जात. शेवटी बँकेनं घराचे कागद परत दिले, ते घेऊन मी तडक अकोल्याला गेले आणि आईच्या हातात ठेवले. आई म्हणाली, “सुटली बाई तू.” आणि डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी बाई वऱ्हाडात दुसरी नसेल.

माझं कर्ज संपलं आणि माझा मोर्चा आईच्या पैशाकडे वळला. इथून पुढचं सांगताना मला बरं वाटत नाही.

आईची एक भिशी होती. गल्लीतल्या बारा बायका. दर महिन्याला प्रत्येकीनं तीन हजार टाकायचे, चिठ्ठ्या करायच्या, जिची चिठ्ठी निघेल तिनं सगळी रक्कम उचलायची आणि त्या दिवशी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घालायचे. वर्षभरात प्रत्येकीचा एकेकदा नंबर लागतो, मग पुन्हा पहिल्यापासून. रविवारी दुपारी भिशी चालवणाऱ्या काकूंच्या घरी त्या जमायच्या. पैशाचं काम पाच मिनिटांचं, बाकी दोन तास गल्लीतल्या सगळ्यांची खबर घ्यायची. आईला ही दुसरी बाजू फार प्रिय. कोणाच्या सुनेनं काय केलं हे तिच्याइतकं रंगवून कोणी सांगत नसे, आणि त्यातलं अर्धं तिनं स्वतः घातलेलं असे.

या भिशीत आईचं एक ठरलेलं होतं. तिची चिठ्ठी निघाली की ती विचारायची, “कोन अडली हाये?” कोणी ना कोणी अडलेली असायचीच. तिला आई आपला नंबर देऊन टाकायची आणि स्वतः मागे सरकायची. असं करत करत वर्षाचा शेवटचा नंबर बहुतेक तिच्याच वाट्याला यायचा. बायका थट्टेनं म्हणायच्या, भाभीचे आलूबोंडे खायला वर्षभर थांबा लागते.

या नंबराचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो खालाला. खाला म्हणजे मावशी; ती आमच्या समोरच्या घरात राहते. नवरा घरांना रंग देण्याचं काम करतो, ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. माझा शाळेचा गणवेश तिनंच शिवलेला आहे, आणि तो दोन वर्षं चालावा म्हणून आत भरपूर कापड दाबून ठेवायची. खाला व्याजाचा पैसा घेत नाही. देतही नाही. त्यांच्या धर्मात नाही म्हणून. पण ती ते कधी ठासून सांगत बसली नाही, नुसती त्या वाटेला जायची नाही. बँक नाही, बचत गटाचं कर्ज नाही, महिन्याच्या टक्क्यानं देणारे तर नाहीच नाही. एकरकमी पैसा हातात यायला तिच्याकडे एकच जागा होती, ही भिशी. तिची मोटरची पिको मशीन आईच्या नंबरावर आलेली. पोराच्या आयटीआयची फीसुद्धा. दर वेळी ती पैसे उचलायची आणि पुढचे हप्ते वेळच्या वेळी भरायची. आई आणि ती संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा घेऊन बसायच्या, आपापल्या नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या. माझे वडील गेल्यावरही आईनं त्यांची उणीदुणी काढणं थांबवलं नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी एका सुट्टीत मी आईला समोर बसवलं आणि कागदावर आकडे मांडले. चिडले किंवा शिकवायला लागले की माझी वऱ्हाडी पळून जाते आणि कॉलेजातली मराठी बाहेर येते.

“आई, तुझा नंबर दर वर्षी शेवटी लागतो. म्हणजे अकरा बायकांना तू वर्षभर बिनव्याजी कर्ज देतेस.”

“मंग?”

“मग काय? पैसा नुसता फिरतो. वाढत नाही. तेवढेच पैसे दर महिन्याला एसआयपीत टाकले तर दहा वर्षांनी बघ किती होतात.”

तिनं बघितलं. आकडा मोठा होता. तिला त्याचा मोह झाला असं मात्र मला कधीच वाटलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आपली पोरगी इतकं शिकली, इतकं समजावून सांगते आहे, याचाच तिला आनंद झालेला दिसत होता.

“तू शिकेल हायेस बाप्पा. तुले समजते थे कर.”

त्या वर्षीची भिशी संपली तशी आईनं आपली रक्कम उचलली, बायकांना आलूबोंडे खाऊ घातले आणि सांगून टाकलं की आता मी नाही. काकूंनी दोनदा विचारलं म्हणे. तिची जागा गल्लीत नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं घेतली.

पैसे आईच्या नावानं टाकायचे तर तिचा फोन साधा, बटनांचा. त्यात पेन्शनच्या कागदावर नाव एक आणि आधारवर एक. ती दुरुस्ती करायला चार खेपा घालाव्या लागल्या असत्या. मी म्हटलं, माझ्याच नावानं टाकते, तुझेच समज. फोनातल्या अॅपमध्ये एक वेगळा कप्पा करता येतो आणि त्याला नाव देता येतं. मी नाव दिलं, ‘आईचे’. भिशीची उचललेली रक्कम त्यात गेली आणि दर महिन्याचे तीन हजार आई माझ्या खात्यात टाकून यायची, तेही त्यात जायला लागले.

त्यानंतर रविवारी दुपारी आईचे फोन यायला लागले. आधी ती असा फोन करत नसे. “सहज केला,” म्हणायची. जेवली का, पाणी आलं का, बाई कामाला येते का. मी पेपर तपासत हो हो म्हणायची आणि मनात म्हणायची, म्हातारपणी पोरीची माया वाढली. त्या वेळी समोरून बायका भिशीला जात असत आणि आई दारात बसलेली असे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी हुशार बाई, पण अशा ठिकाणी अगदीच ठोंब.

असंच वर्ष-दीड वर्ष गेलं आणि एकदा आईचा फोन रविवारी न येता मधल्याच वारी आला.

“पोरी, थे तुयाकडचे पैसे काढता येतात का?”

“किती?”

“चाळीसक हजार. खालाचा नवरा परांचीवरून पडला. पायात रॉड टाका लागते म्हनते डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नंबर लवकर येत नाई. तिनं सगळं जमवलं, एवढेच कमी हायेत.”

“आणि भिशी?”

“या महिन्याची निंघाली ना. नव्या सुनेची निंघाली. तिनं फ्रिजचे पैसे देऊन ठेवले दुकानात. थे तरी कशी सोडीन?”

मी त्याच वेळी फोनात आईचा कप्पा उघडून बघत होते. बाजार पडलेला होता. जेवढे टाकले त्याहूनही कमी दिसत होते, सगळं लाल. पडत्या बाजारात पैसे काढणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. माझी कॉलेजातली मराठी सुरू झाली.

“आई, नीट ऐक. आत्ता काढले तर तुझंच नुकसान होईल. दोन-तीन महिने थांबलो तर सगळं भरून निघेल. आणि उसने देणार तर परत कधी, काही ठरलं का?”

“थे देईन ना. तिनं कोनाचे बुडवले आजवर?”

“तसं नाही गं. पण पद्धत असते.”

आई म्हणाली, “आत्ता निंघत नाईत म्हनते?”

“निघतात. पण काढायचे नाहीत.”

“म्हंजे निंघत नाईत.”

“तसंच समज,” मी म्हटलं. वर्गाची घंटा झाली होती.

एक गोष्ट राहिली, तीही सांगून टाकते. चाळीस हजार माझ्या स्वतःच्या बचत खात्यात होते. त्याहून जास्त होते. सहा महिन्यांचा खर्च अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावा आणि त्याला हात लावू नये, असं मी पोरांना शिकवते आणि स्वतः पाळते. त्या दिवशी तो पैसा मला आठवलासुद्धा नाही. अडचण माझी नव्हती ना.

तीन महिन्यांत बाजार खरंच वर आला. नुसता भरून निघाला नाही, चांगला वर गेला. मी आईला मोठ्या उत्साहानं फोन केला. “बघ, थांबलो म्हणून किती फायदा झाला!”

“हो का,” आई म्हणाली. “बरं झालं.”

मी विचारलं नाही की खालाचं काय झालं. मला वाटलं, झालं असेल काहीतरी. माणसं करतातच काही ना काही.

काय केलं ते दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला गेले तेव्हा कळलं. आमच्या कॉलेजातल्या एकीच्या लग्नासाठी साडी घेतली होती. बॅगेतून काढून म्हटलं, “समोर फॉल-पिकोला देऊन येते.”

“दुसरीकडं दे,” आई म्हणाली.

“का?”

आईनं हनुवटीनं समोर दाखवलं. मी दारात आले. समोरच्या ओट्यावर जिथं खालाची मशीन असायची तिथं पाण्याचा निळा ड्रम ठेवलेला होता. अकोल्यात नळ कधी येईल याचा भरवसा नाही, प्रत्येक घरी असे ड्रम असतात. पण तो त्या जागी मी कधी पाहिला नव्हता. मशीनवर बसलं की रस्त्यावरचं सगळं दिसतं म्हणून खालानं ती जागा कोणाला दिली नव्हती.

मशीन विकून टाकली होती. मोटरसकट, जुन्या मशिनी घेणाऱ्या दुकानदाराला, तो देईल त्या भावात. व्याजानं पैसे आणण्यापेक्षा तिनं ते केलं. आता ती गावात एका रेडिमेडच्या दुकानात नगावर शिवायला जायची, सकाळी जाऊन दिवेलागणीला परत.

“अन् तुझ्याकडं येते?”

“नाई येत.” आई भाजी निवडत होती. “म्या तिले सांगतलं, पैसे पोरीच्या फोनात हायेत, आत्ता निंघत नाईत. थे हासली. म्हने, राहू दे भाभी. त्या दिसापासून ओट्यावर आली नाई.”

“म्हणजे तिला काय वाटलं?”

“काय वाटीन? फोनात पैसे हायेत अन् निंघत नाईत. तूच सांग, कोनाले खरं वाटीन?”

मला आधी राग आला. खालाचाच आला. इतक्या वर्षांची ओळख आणि एवढ्याशा गोष्टीवर अबोला? मी तसं बोलूनही दाखवलं. आई नुसतं म्हणाली, “तिच्यावर नको चिडू.” मग आत जाऊन तिनं कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीपर्यंत माझा राग खालावरून निघून माझ्याकडे आलेला होता. आईची जागा जिनं घेतली त्या सुनेचीच चिठ्ठी त्या महिन्यात निघाली. म्हणजे आई भिशीत असती तर ती चिठ्ठी आईची असती. आणि आईनं विचारलं असतं, कोन अडली हाये?

मी वाणिज्याची बाई. भिशीत व्याज नाही हा मला तिचा दोष वाटला. खालासाठी तोच तिचा सगळ्यात मोठा गुण होता, हे मी लहानपणापासून डोळ्यांनी बघत आले होते. मला अक्कल नव्हती असं म्हणायचीही सोय नाही. मला ठाऊक होतं आणि मी ते हिशोबात धरलं नाही. कशाची लाज जास्त वाटते ते मला अजून ठरवता येत नाही, पैसे दिले नाहीत याची, की फायदा झाला म्हणून आईला फोन केला याची.

अमरावतीला परतल्यावर मी ‘आईचे’ नावाचा कप्पा रिकामा केला. पैसे खात्यात यायला दोन-चार दिवस लागले. बँकेतून सगळे रोख काढले आणि पुढच्या शनिवारी एसटीनं निघाले. पर्स छातीशी धरून बसले होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं चिवड्याची पुडी पुढे केली, तर मला हात मोकळा करायचीही भीती वाटली. फोनातला पैसा असा जड नसतो.

आईसमोर मी नोटा ठेवल्या. ती बघत राहिली.

“यातले माये किती?”

“सगळे तुझेच.”

“तसं नाई. म्या टाकले थे किती?”

मी सांगितलं. लाखावर थोडे होते. आईनं मला तेवढे मोजून बाजूला काढायला लावले. वरचे राहिले ते अठरा हजार. ते तिनं हातानं माझ्याकडे सरकवले.

“हे तू ठेव.”

“अगं, तुझ्याच पैशावर वाढलेत ते.”

“वाढले तवा खालाची मशीन गेली. मले नको थे.”

पोस्टाच्या आरडीवरचं व्याज हीच आई दर वर्षी आनंदानं घेत आली आहे, कमी दिलं की काय म्हणून पोस्टातल्या माणसाशी भांडलीही आहे. मी ते आठवण करून द्यायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, खालाला दुकानाची सुट्टी. आई आपले पैसे पदराखाली घेऊन समोर गेली. मी मागोमाग. खालाचा नवरा पाय लांब करून टीव्ही बघत होता, आम्हाला बघून उठायला लागला तर आईनं हातानंच बसायला सांगितलं. खाला बाहेर आली. “आओ भाभी, बसा,” म्हणाली. आवाजात काही कमी नव्हतं, पण पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली. पूर्वी आई आली की ती काही म्हणतच नसे, नुसती सरकून जागा करायची.

आईनं पैसे पुढे केले. “मशीन घे.”

“अब कायले भाभी? काम झालं. पाय जुडला त्याचा. थोडा लंगडते, पन चालते.”

“पैसे खरंच फोनात होते वं.”

“हां, हां. मालूम हाये,” खाला म्हणाली. लहान पोराची समजूत काढावी तसं.

आईचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवलं नाही.

“खाला,” मी म्हटलं, “तिनं मागितले होते. निघत होते पैसे. मीच नाही म्हटलं. म्हटलं, नुकसान होईल.”

खालानं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती आईकडे वळली. आता तिचा आवाज चढला होता, आणि तो चढलेला ऐकून मला बरं वाटलं, कारण परक्या माणसावर ती आवाज चढवत नाही.

“मंग भाभी, मले तसंच कावून नाई सांगतलं? पोरगी नाई म्हनते, असं सांगा लागत होतं. मी काय समजली नसती? चार महिने मले वाटून राहिलं, भाभीनं मले टाळलं. फोनाचं कायले सांगतलं?”

आई जमिनीकडे बघत होती. पैशाची पिशवी तिच्या मांडीवर तशीच होती.

“पोरीचं नाव कसं घेऊ?” ती म्हणाली. “तूच तं शिवले तिचे कपडे.”

मला इतके दिवस वाटत होतं, आईला माझं बोलणं कळलं नाही. निघतात पण काढायचे नाहीत, यातला फरक तिला उमगला नाही आणि तिनं भाबडेपणानं खालाला काहीतरी सांगितलं. तिला सगळं कळलं होतं. माझ्यावर बोट यायला नको म्हणून तिनं ते फोनावर ढकललं, आणि खोटारडी ठरली. चार महिने समोरासमोरच्या ओट्यांवर तशीच बसून राहिली. लहानपणी ‘आई घरी नाही’ असं मी तिच्यासाठी म्हणायची. माझं ते खोटं कोणीही धरून ठेवलं नव्हतं. घेणेकऱ्यांनाही माहीत असायचं.

खालानं पैसे घेतले नाहीत. चहा मात्र केला, आणि आईच्या कपात न विचारता दोन चमचे साखर जास्त टाकली, जशी आईला लागते. निघताना तिनं माझ्या खांद्यावरची ओढणी उलगडून काठ बघितला आणि म्हणाली, “हे पिको कोनी केलं? उसवते बघ.” एवढंच. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

नव्या वर्षीची भिशी सुरू झाली तशी आई पुन्हा त्यात गेली. जागा नव्हती, खालानं काकूंना सांगून तेरावी जागा करायला लावली. आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, माझी चिठ्ठी निघाली तर ती खालाच्या मशीनची. खाला म्हणते, माझीच निघेल, तुमची कशाला. कोणाची आधी निघते त्यावर दोघींचं आता ओट्यावर रोज भांडण चालतं म्हणे. रविवारी दुपारी आईचा फोन येत नाही. मी केला तरी उचलत नाही. संध्याकाळी केला की म्हणते, भिशीत होती, काय काम होतं?

सगळं पहिल्यासारखं झालं, असं म्हणायचा मोह होतो. पण मशीन अजून आलेली नाही. खाला अजून दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात पाठ वाकवते आणि तिच्या ओट्यावर पाण्याचा ड्रम आहे. मी अकोल्याला गेले की त्या बाजूला बघायचं टाळते, आणि टाळताना आधी तिकडेच बघते.

ते अठरा हजार मी परत घेऊन आले होते. खालाला द्यावेत असं दहादा मनात आलं. पण ती विचारेल, हे कुठून आले, आणि मला सांगावं लागेल. आई घेत नाही. स्वतःवर खर्च करायचे तर एकदा दुकानात जाऊन साडी हातात घेऊन परत ठेवून आले. शेवटी ते बँकेत भरले, आणि बँकेतून कधी सवयीनं त्याच अॅपमध्ये टाकले ते कळलंही नाही. कप्प्याचं नाव मी बदललेलं नाही. ‘आईचे’ असंच आहे.

परवा उघडून पाहिलं. वाढले आहेत.